हेलपाटे : ह्यूस्टनने ७६ टप्पे मोजले त्याची गोष्ट

आमच्या भागातल्या उड्डाणपुलाखाली एक काका राहायचे, वॉचमनची नोकरी गेली, खोली गेली आणि मग तिथेच. त्यांच्याकडे साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी होती आणि त्यात त्यांचं सगळं सरकार. रेशनकार्डाची झेरॉक्स, कुठल्यातरी दवाखान्याचा केसपेपर, एक फोटो निघालेलं ओळखपत्र. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्याबरोबर एका सरकारी ऑफिसात गेलो, तिथून दुसऱ्या, तिथून परत पहिल्या. आधार अपडेट करायला पत्त्याचा पुरावा लागतो, पत्ता नाही म्हणून तर आलोय ना बाबा. एकूण अकरा हेलपाटे झाले. प्रत्येक खिडकीवरचा माणूस तसा बरोबरच बोलत होता, कोणी खेकसलं नाही, लाच मागितली नाही, फक्त प्रत्येकाचं म्हणणं एकच, "हे आमच्याकडे येत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की फायली एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात न्यायचं काम त्या काकांनाच दिलेलं आहे, म्हणजे ज्याच्याकडे बससाठी वीस रुपये नाहीत तोच सगळ्या खात्यांचा बिनपगारी शिपाई.

त्यानंतर मी बेघरांच्या प्रश्नावर जे मिळेल ते वाचत गेलो आणि एक केस डोक्यात बसली ती ह्यूस्टनची. हो तेच, टेक्सासातलं, नासावालं, जिथं २०१९ ला 'हाउडी मोदी' झालं. तेलाच्या पैशांवर वाढलेलं, अवाढव्य पसरलेलं, गाडी नसेल तर माणूस अर्धा मेलेला असं शहर. अशा गावाकडून बेघरांबद्दल काही शिकायला मिळेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

२०११ ची परिस्थिती बघा. अमेरिकेत जानेवारी महिन्याच्या शेवटी एका ठरलेल्या रात्रीचे बेघर मोजतात, शेल्टरमधले आणि रस्त्यावरचे दोन्ही. ह्यूस्टन आणि आजूबाजूच्या भागात त्या वर्षी आकडा निघाला साधारण साडेआठ हजार. केंद्राच्या गृहनिर्माण खात्याने, ज्याला तिथं सगळे 'हड' म्हणतात, ह्यूस्टनला अशा दहा ठिकाणांच्या यादीत टाकलं जिथं तातडीने लक्ष घालायला हवं. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गातल्या कच्च्या मुलांची यादी.

बरं, शहरात काम होत नव्हतं का? भरपूर होत होतं. चर्च जेवण देत होती, संस्था शेल्टर चालवत होत्या, हड पैसे देत होतं, माजी सैनिकांचं खातं म्हणजे व्हीए, त्याचं तिथं भलंमोठं हॉस्पिटल, शहराची वेगळी हाउसिंग ऑथॉरिटी म्हणजे गरिबांना घरासाठी मदत देणारी सरकारी संस्था, काउंटीची वेगळी (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा), पोलिस, जेल, मानसिक आरोग्याची यंत्रणा, सगळे आपापल्या जागी कामात. फक्त प्रत्येकाची यादी वेगळी, फॉर्म वेगळा, अटी वेगळ्या. एका संस्थेत दारू सोडल्याशिवाय प्रवेश नाही, दुसरीत फक्त बायका-मुलं, तिसरीत जागा आहे पण त्या रात्री कोणाला माहीत नाही. एकाच माणसाची मुलाखत सहा ठिकाणी आणि घर एकाही ठिकाणी नाही.

इथे वॉशिंग्टनचा एक धागा आहे. १९८७ च्या मॅकिनी कायद्याने तिथं बेघरांच्या प्रश्नासाठी एक आंतरखाते परिषद बनवली, १९ केंद्रीय खाती आणि एजन्सी तिच्या सदस्य. आपल्याकडच्या समन्वय समित्या आठवल्या ना, बिस्किटं, चहा, इतिवृत्त आणि पुढची तारीख? बरीच वर्षं ही परिषदही काही फार गाजत नव्हती. पण २००९ मध्ये ओबामा सरकारने आणि व्हीएचे मंत्री एरिक शिन्सेकी यांनी जाहीर केलं की माजी सैनिकांचं बेघरपण २०१५ पर्यंत संपवायचं, आणि २०१० मध्ये या परिषदेने पहिला राष्ट्रीय आराखडा आणला. माजी सैनिक का? कारण सोपंय, तिथं सैनिकाला घर द्यायला कोणताच पक्ष नाही म्हणत नाही. राजकारण म्हणा किंवा शहाणपण म्हणा, जिथं विरोध कमी तिथून शिडी लावली.

आणि हत्यार होतं हड-व्हॅश नावाचं. ही स्कीम नावापासूनच दोन खात्यांची आहे. घराचं व्हाउचर हड देणार, ते स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटीमार्फत मिळणार, आणि माणसाच्या मागे उभा राहणारा केस मॅनेजर व्हीए देणार. भाडेकरूने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरायचे, बाकीचं व्हाउचरमधून थेट घरमालकाला. कागदावर फार सुंदर. अडचण अशी की दोन खात्यांची स्कीम म्हटल्यावर दोन्ही खात्यांचे नियम लागू, दोन्हीच्या रांगा लागू.

मग २०१२ च्या सुमारास ह्यूस्टनमध्ये या सगळ्या खात्यांची आणि संस्थांची माणसं एकत्र बसवली आणि एक साधी गोष्ट केली, जी खरंतर आधीच करायला हवी होती. रस्त्यावरचा माजी सैनिक ते स्वतःच्या घराची किल्ली हातात, या प्रवासात नेमके किती टप्पे आहेत ते मोजले. टप्पे निघाले ७६. आणि लागणारा वेळ ७२० दिवस.

दोन वर्षं! आणि ही त्याची केस ज्याला घर मंजूर होऊ शकतं, ज्याच्यासाठी पैसा ठेवलेला आहे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही आपली म्हण त्यांच्यापुढे स्पीडपोस्ट वाटावी.

हे ७६ कसे होत असतील ते नीट बघायला हवं, कारण सगळी केस इथेच आहे. धरून चाला की फ्रीवेच्या पुलाखाली एक माजी सैनिक आहे. कार्यकर्ता त्याला भेटतो, नाव लिहून घेतो. आता तो खरंच सैन्यात होता का हे सिद्ध करायला डिस्चार्जचा कागद हवा, त्याला तिकडे डीडी-२१४ म्हणतात, तो कधीच पावसात गेलाय किंवा साफसफाईच्या ट्रकमध्ये. तो परत मागवायचा तर अर्ज, आणि उत्तर पोस्टाने येणार, कुठल्या पत्त्यावर? फोटो असलेलं ओळखपत्र हवं, त्याला जन्मदाखला हवा, जन्म दुसऱ्या राज्यातला. मग व्हीएमध्ये पात्रता तपासणी. मग केस मॅनेजरची नेमणूक, त्याच्या तारखा. मग फाइल हाउसिंग ऑथॉरिटीकडे, तिथं पुन्हा पहिल्यापासून अर्ज, उत्पन्नाचा दाखला, व्हाउचर कसं वापरायचं याची माहितीसभा, जी ठरलेल्या दिवशीच होते आणि त्या दिवशी बस चुकली की गेलं. व्हाउचर मिळालं की मुदतीत फ्लॅट शोधायचा, तोही या माणसानेच, ज्याची क्रेडिट हिस्टरी नाही, मागे एकदोन वेळा पोलिसांनी फुटपाथवर झोपला म्हणून पकडलेलं आहे. दहा घरमालक नाही म्हणतात. अकरावा हो म्हणतो तर फ्लॅटची तपासणी व्हायची बाकी, इन्स्पेक्टर येईपर्यंत महिनाभर फ्लॅट रिकामा कोण ठेवणार? त्याने दुसऱ्याला दिला. परत शोध. मध्येच डिपॉझिट कोण भरणार हा प्रश्न, तो तर कोणाच्याच स्कीममध्ये बसत नाही. आणि या सगळ्या काळात माणूस सापडला पाहिजे, फोन चोरीला गेलेला नसला पाहिजे, हॉस्पिटलात किंवा जेलमध्ये गेलेला नसला पाहिजे.

माझ्या काकांची साडीच्या दुकानाची पिशवी आठवली मला हे वाचताना. डिट्टो.

मोजल्यावर काय झालं, तर लाज वाटली असावी, आणि सरकारी कामात लाज वाटणं ही फार मोठी गोष्ट आहे. कारण टप्पे मांडले की कोणता टप्पा कायद्याने लागतो आणि कोणता केवळ 'आमच्याकडे असंच चालतं' म्हणून लागतो ते उघडं पडतं. शंभर दिवसांत शंभर माजी सैनिकांना घरात न्यायचं असं लक्ष्य ठेवलं आणि ते गाठलंही. म्हणजे जे दोन वर्षांत होत होतं ते तीन महिन्यांत होऊ शकतं, तीच खाती, तेच कर्मचारी.

यात महापौर अनीस पार्कर यांचा वाटा मोठा, त्या २०१० ते २०१६ पदावर होत्या. इथे एक लक्षात घ्या, ह्यूस्टनचा महापौर आपल्यासारखा फिती कापणारा नसतो, आपल्याकडे जे आयुक्तांकडे असतं ते तिथं महापौराकडेच असतं. त्यांनी या कामासाठी स्वतःच्या ऑफिसात वेगळं माणूस नेमलं आणि 'द वे होम' नावाने सगळ्यांना एका छत्रीखाली आणलं. शहर, हॅरिस काउंटी म्हणजे ह्यूस्टनचा जिल्हा, दोन्ही हाउसिंग ऑथॉरिटी, व्हीए आणि शंभराहून जास्त संस्था. यात सूत्रधार म्हणून एक बिनसरकारी संस्था ठेवली, 'कोअलिशन फॉर द होमलेस'. मला हा सगळ्यात हुशार निर्णय वाटतो, कारण कुठल्याही एका खात्याला मुख्य केलं असतं तर बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली असती, आपल्याकडे महसूल आणि महापालिका एका टेबलावर बसवून बघा म्हणजे कळेल.

आणि पैसा? इथे खरी कळ होती. हडचा निधी या भागाला एकत्रित येतो आणि तो वाटताना स्थानिक पातळीवर ठरवता येतं. मग सांगितलं की योजनेत राहाल तर पैसे, नाहीतर तुमचा मार्ग मोकळा. वर्षानुवर्षं तात्पुरता निवारा चालवणाऱ्या काही संस्थांचा पैसा कायमच्या घरांकडे वळवला गेला. संस्था चिडल्या असणारच. समन्वय समन्वय आपण म्हणतो ना, तो प्रेमाने होत नाही हो, चेकबुक एकाच्या हातात आलं की बरोबर होतो.

पुढचं काम यादीचं. सगळ्यांचा डेटा एका सिस्टिममध्ये, एकदाच मुलाखत, ठरलेल्या प्रश्नांवर, आणि त्यावरून ठरणार की याला फक्त काही महिन्यांच्या भाड्याची मदत पुरेल की कायमचं घर आणि कायमची सोबत लागेल. कोण किती दिवसांपासून बाहेर आहे, कोणाची तब्येत किती वाईट आहे त्याप्रमाणे नंबर. माणूस कुठल्याही दारातून आत येऊ दे, यादी एकच. आता ऐकायला हे अगदी साधं वाटतं, पण विचार करा, आपल्या एका शहरात रात्रनिवारा केंद्र चालवणारी संस्था, महापालिकेचा समाजविकास विभाग, सिव्हिल हॉस्पिटल आणि पोलिस स्टेशन यांची एक सामायिक यादी आहे असं कधी ऐकलंय? मी तरी नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, ती म्हणजे आधी घर. दारू सोड मग घर, औषधं घे मग घर, नोकरी शोध मग घर, हे बंद. आधी किल्ली, बाकीचं घरात बसून. ही कल्पना ह्यूस्टनची नाही, १९९२ पासून न्यूयॉर्कमध्ये हे करून बघितलेलं होतं. फुकटेगिरीला प्रोत्साहन असा आक्षेप तिथंही घेतात, इथं सांगितलं की इथंही घेतात. माझं मत सांगू का? ज्याला रात्री चप्पल उशाखाली घेऊन झोपावं लागतं तो सकाळी उठून गोळी वेळेवर घेईल ही अपेक्षाच मुळात गंमतशीर आहे. पण घर दिलं आणि केस मॅनेजर दिला नाही तर ते फसतं हेही खरं, आणि ते दोन्ही दोन वेगळ्या खात्यांच्या बजेटमधून येतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

ह्यूस्टनला एक गोष्ट आयती मिळाली, घरं. त्या शहरात झोनिंग नाही, म्हणजे इथे फक्त बंगले, तिथे फक्त दुकानं असे नियम नाहीत, त्यामुळे बांधकाम भरपूर आणि भाडी सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसच्या मानाने खूपच कमी. त्यांनी नवीन इमारतींची वाट न बघता आहेत तेच रिकामे फ्लॅट भाड्याने घेतले. घरमालकांशी बोलायला वेगळी माणसं ठेवली, भाडं वेळेवर येईल, भाडेकरूचं काही बिनसलं तर फोन उचलणारा माणूस आहे अशी खात्री दिली. घरमालक हा जगात कुठेही घरमालकच असतो, त्याला तुमची करुणा नको असते, एक तारखेला पैसे हवे असतात. हे ओळखून काम केलं म्हणून जमलं.

जून २०१५ मध्ये ह्यूस्टनने जाहीर केलं की माजी सैनिकांचं बेघरपण इथे व्यवहारापुरतं संपलं आहे. साधारण तीन वर्षांत ३,६५० च्या वर माजी सैनिक घरात गेले होते. कार्यक्रमाला हडचे, व्हीएचे आणि कामगार खात्याचे असे तीन केंद्रीय मंत्री हजर. 'व्यवहारापुरतं संपलं' याचा अर्थ नीट समजून घ्या, आता एकही सैनिक कधीच बेघर होणार नाही असं नव्हे, तर कोणी झालाच तर त्याला लगेच घरात नेता येईल एवढी यंत्रणा तयार आहे असं. मला आधी हा शब्दांचा खेळ वाटला होता. पण मग विचार केला, हॉस्पिटल चांगलं आहे म्हणजे गावात कोणी आजारी पडत नाही असं थोडंच असतं.

त्यानंतर तेच मशीन बाकीच्या लोकांसाठी वापरलं. २०१६ पासून सिल्व्हेस्टर टर्नर महापौर झाले, त्यांनी ते मोडलं नाही, आणि महापौर बदलल्यावर आधीच्याची योजना जिवंत राहिली ही गोष्ट मला ७६ टप्प्यांइतकीच महत्त्वाची वाटते. मग ऑगस्ट २०१७ ला हार्वी वादळ आलं, ह्यूस्टन पाण्यात गेलं, तिथल्या युनिव्हर्सिटीत आपली दोनेकशे मुलं अडकली होती आणि सुषमा स्वराज यांचे ट्वीट आपण सगळे वाचत होतो ते तेव्हाचंच. पुढच्या जानेवारीच्या मोजणीत आकडा वर गेला. पण आधीची फळी बांधलेली होती, नंतर तो परत खाली आला. कोविडमध्ये केंद्राचा मदतनिधी आला तेव्हा शहर आणि काउंटीने एकत्र येऊन तो सरळ घरांमध्ये घातला, आणि २०२२ च्या सुरुवातीला पुढच्या टप्प्यासाठी १० कोटी डॉलर जाहीर केले. बाकी बऱ्याच शहरांनी तोच पैसा तात्पुरत्या हॉटेलांत आणि तंबूंत घालवला कारण कुठे घालायचा त्याचा पाइपच तयार नव्हता.

२०२२ पर्यंत २५,००० हून जास्त लोक घरात गेलेले होते आणि बहुतेक जण दोन वर्षांनंतरही तिथेच टिकून होते. ते ७२० दिवस ३२ वर आले होते. अलीकडच्या मोजणीत रात्रीचा आकडा सव्वातीन हजारांच्या आसपास येतो, म्हणजे २०११ पेक्षा साठ टक्क्यांहून जास्त घट.

आता दुसरी बाजू, नाहीतर हा लेख जाहिरात होईल.

एक तर ही मोजणी एका रात्रीची आहे आणि त्यात रस्त्यावरचे आणि शेल्टरमधलेच येतात. जो मेहुण्याच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपतोय, दर आठवड्याला कोणाकडे तरी बॅग घेऊन जातोय, तो त्यात नाहीच. दुसरं, बेघर झाल्यावर घरात नेणं ह्यूस्टनला जमलं, पण बेघर होऊच न देणं जमलं नाही. घरातून काढण्याचे दावे तिथल्या कोर्टांत दरवर्षी हजारोंनी पडतात, टेक्सासने गरिबांसाठीची मेडिकेड योजना वाढवलेली नाही, त्यामुळे एका आजारपणात भाडं थकतं आणि माणूस थेट त्याच पुलाखाली. ती खाती या टेबलावर आलीच नाहीत. आणि बादली रिकामी करताय पण नळ चालूच आहे.

आणि तिसरं मला सगळ्यात खटकतं. हेच शहर २०१२ मध्ये नियम करतं की जागेच्या मालकाची परवानगी नसेल तर पाचपेक्षा जास्त गरजूंना जेवण वाटायचं नाही, आणि २०२३ मध्ये लायब्ररीजवळ जेवण वाटणाऱ्या स्वयंसेवकांवर दंडाच्या पावत्या फाडतं. आपल्याकडे अन्नदानावर पावती फाडली तर गाव पेटेल! शहराचं म्हणणं असं की ठरलेल्या ठिकाणी वाटा. २०२५ मध्ये मध्यवस्तीतल्या फुटपाथवर झोपण्या-बसण्याची बंदी चोवीस तास केली गेली. म्हणजे एक खातं घर शोधतंय आणि दुसरं उठवतंय. बरं, त्यांच्या चांगल्या काळात तंबूंची वस्ती हटवायची पद्धत वेगळी होती, आधी तिथल्या प्रत्येकाला घर आणि मगच जागा साफ. क्रम उलटा केला की तोच माणूस दोन गल्ल्या सोडून पुन्हा दिसतो आणि मध्ये त्याचे कागद जातात, आणि कागद गेले की टप्पा क्रमांक एक.

पैशाचंही तसंच. एका माणसाला घर आणि सोबत देण्याचा खर्च साधारण १८,००० डॉलर वर्षाला, आणि तो दरवर्षी लागतो. कोविडचा पैसा संपला. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ती आंतरखाते परिषदच कायद्याने शक्य तेवढी छोटी करायचा आदेश काढला आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं. समन्वय करणारं ऑफिस बंद झालं की पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही, कारण ते स्वतः कोणाला घर देतच नव्हतं.

मी काय केलं ते सांगून थांबतो. ह्यूस्टनचं वाचून मी आमच्या काकांसाठी लागलेले टप्पे लिहून काढले, पिशवीतले कागद आणि माझी डायरी समोर ठेवून. ओळखपत्र, बँक खातं आणि निराधार पेन्शनचा अर्ज, एवढ्यासाठी २९ निघाले, त्यातले सहा असे की आधीच्या खिडकीवर दिलेलाच कागद पुन्हा दाखवायचा. छान टाइप करून, तक्ता वगैरे करून एका बैठकीत दिलं. साहेबांनी पानं उलटसुलट केली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कोणत्या विभागाकडे द्यायचं?"

कागद परत माझ्याच हातात. तिसावा टप्पा.